आत्तीची साडी आणि न पुसलेली कॅसेट

शनिवार-रविवार माझा एक जोडधंदा असतो, लोकांच्या जुन्या लग्नाच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राईव्हवर उतरवून द्यायचा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्याच खालच्या खोलीत दोन व्हीसीआर मांडलेत, त्यातला एक चालतो आणि दुसरा पहिल्याच्या पार्टसाठी जपून ठेवलाय, कारण नवीन आता मिळतच नाही, शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीनं पण २०१६ ला ते काम आवरलं. कॅसेट आली की आधी झाकण उचलून रिळावर बुरशी आहे का बघायची, पांढरे ठिपके दिसले तर हळूहळू फिरवत पुसून घ्यायचं, नाहीतर हेडची वाट लागते. मग लावायची आणि बसायचं. यात घाई चालत नाही, तीन तासांच्या लग्नाला तीनच तास लागतात.

गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतंय, स्क्रीनवर त्यांचे गेलेले वडील पंगतीत वाढताना दिसतात आणि मग हमखास एक वाक्य येतं, "असं सगळं आयुष्यच रेकॉर्ड झालं असतं तर किती बरं झालं असतं ओ." मी पण मान हलवायचो. आणि आता तर ते जवळजवळ शक्यच झालंय, चष्म्यात कॅमेरा आलाय, फोन रोज सकाळी आपणहून जुने फोटो काढून दाखवतोय, अजून थोड्या वर्षांत जन्मापासनं मरेपर्यंत सगळं साठवून ठेवणं काही अवघड राहणार नाही.

गेल्या दिवाळीत मी आमच्याच घरातली कॅसेट लावली आणि माझी मान हलायची थांबली.

१९९६ चं धाकट्या काकांचं लग्न. शूटिंगवाल्यानं जेवायला जाताना कॅमेरा आहेराच्या टेबलावर तसाच चालू ठेवला होता, त्यामुळं चार मिनिटं नुसते साड्यांचे काठ आणि लोकांचे पाय दिसतात, पण आवाज एकदम स्वच्छ. आणि त्या आवाजात आमची आत्ती कुणाला तरी सांगतीय, "वैनीनं कपाटातली साडी दिलीया मला. घडीवरनं कळतंय की." समोर सोफ्यावर आई बसलेली. तिच्या शेजारी आत्ती, हातात चिवड्याची बशी. २८ वर्षं आई सगळ्यांना सांगत आली की वन्संना ती साडी लई आवडली होती. आत्ती बशी खाली ठेवत म्हणाली, "ह्यो माझा आवाज न्हवं."

गंमत म्हणजे आत्तीचीपण एक पक्की आठवण होती, की त्या लग्नात वैनीनं मला जेवायला सुद्धा विचारलं नाही. कॅसेटमध्ये दहा मिनिटं पुढं गेलं की आई जिलेबीचं ताट घेऊन आत्तीच्या पानावर उभी आहे, आत्ती हात आडवा धरून हसतीय, आई तरी वाढतीच आहे. म्हणजे दोघींचंही चुकलं होतं. पण जिलेबी बघून कुणाचं काही बदललं नाही, साडी मात्र लागली ती लागलीच.

तेव्हापासनं आठवण कशी चालते यावर मी मिळेल ते वाचत सुटलोय, आणि जे कळलं ते सोपं करून सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्या डोक्यात कॅसेट नाही. आपण बोलतो मात्र तसंच, की "मनात कोरलंय", "डोळ्यासमोर जशाला तसं दिसतंय". प्रत्यक्षात लग्नाचा आवाज मेंदूच्या एका भागात, चेहरे दुसऱ्या भागात, जिलेबीचा वास तिसरीकडं, आणि त्या वेळी पोटात काय झालं ते अजून कुठंतरी, असं तुकड्यातुकड्यांत राहतं. हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग, कानाच्या आतल्या अंगाला दोन्ही बाजूंना, हे तुकडे एकत्र आणायचं काम करतो. आठवायचं म्हटलं की दर वेळी ते तुकडे गोळा करून प्रसंग नव्यानं उभा केला जातो, आणि जिथं तुकडा सापडत नाही तिथं मेंदू आपला अंदाज लावून भोक बुजवतो, ते बुजवलेलं आपल्याला कळतसुद्धा नाही.

याहून मोठी गोष्ट पुढं आहे. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि जोसेफ लेडू यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक प्रयोग झाला. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि लगेच पायाला शॉक द्यायचा. नंतर नुसता आवाज आला तरी उंदीर भीतीनं गोठतो, म्हणजे आठवण पक्की झाली. मग एक दिवसानं तो आवाज परत ऐकवला, आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी जोडलेल्या भागात एक औषध सोडलं, जे तिथं नवीन प्रथिनं बनू देत नाही. पुढच्या वेळी आवाज आला तर बहुतेक भीती गेलेली. आता खरी मेख बघा, आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर काहीच फरक पडला नाही. याचा अर्थ असा की आठवण बाहेर काढली की ती थोडा वेळ ओल्या गिलाव्यासारखी असते, परत सुकेपर्यंत तिच्यावर बोट उमटू शकतं. आई दर लग्नसराईला ती साडीची गोष्ट सांगायची, आणि दर वेळी सांगताना ती थोडी गोड होऊन परत आत जायची. खोटं बोलत नव्हती ती.

माणसांवरचा पुरावा तर डोकं चक्रावणारा आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं पोरांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तुम्ही काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच परत विचारलं. साधारण चौथा हिस्सा पोरांचं सगळंच्या सगळं चुकलेलं, आणि तरी त्यातल्या बऱ्याच जणांची खात्री मात्र भरपूर. त्यांच्याच हातचा जुना कागद दाखवला तरी ती खरी आठवण परत आली नाही. हे वाचलं आणि मला आत्तीचं "ह्यो माझा आवाज न्हवं" आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं ती मुद्दाम नाकारतीय.

मग कुणीही म्हणेल की इतकी भोकं असलेली ही वस्तू, हिच्यापेक्षा रेकॉर्डिंग शंभर पटीनं चांगलं. थांबा जरा.

विसरण्याकडं आपण बिघाड म्हणून बघतो. शाळेत पाठांतर चुकलं की छडी, म्हातारपणी चष्मा विसरला की घरात कुजबुज. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं किती ठरलेल्या चालीनं होतं, त्यानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली आणि तासाभरात निम्म्याहून जास्त गळून गेलं, मग गळती मंद होत गेली, महिन्यानंतर साधारण पाचवा हिस्सा उरला. पहिल्यांदा धबधबा आणि नंतर ठिबक. पण ही गळती फुकटची नाही. मी रोज बिंदू चौकाच्या पार्किंगला गाडी लावतो. संध्याकाळी मला फक्त आजची जागा आठवायला पाहिजे. गेल्या सहाशे दिवसांच्या सहाशे जागा तितक्याच ठळक डोळ्यासमोर आल्या तर मी गाडी शोधत रात्र काढीन. कालची जागा पुसट झाली म्हणून आजची सापडते, इतकं साधं आहे हे.

आणि ज्याला हे पुसट होणं जमत नाही अशी माणसं खरोखर होऊन गेलीत. मॉस्कोमध्ये १९२० च्या दशकात सोलोमन शेरेशेव्स्की नावाचा एक बातमीदार होता, संपादकाच्या लक्षात आलं की हा गडी काहीच टिपून घेत नाही आणि तरी सगळं शब्दाला शब्द सांगतो. अलेक्झांडर लुरिया या शास्त्रज्ञानं पुढं जवळजवळ ३० वर्षं त्याचा अभ्यास केला. आकड्यांच्या लांबच लांब याद्या तो कितीतरी वर्षांनी सुद्धा जशाच्या तशा सांगायचा. ऐकायला भारी वाटतं, पण त्याला माणसांचे चेहरे ओळखणं अवघड जायचं, कारण चेहरा क्षणाक्षणाला बदलतो, हसताना वेगळा, उन्हात वेगळा, आणि त्याला तो प्रत्येक वेळी वेगळाच चेहरा वाटायचा. आपण चेहरा ओळखतो ते बारकावे टाकून देऊन. गोष्ट वाचायला घेतली तर प्रत्येक शब्दाचं चित्र उभं राहायचं आणि गोष्टीचा अर्थ निसटून जायचा. शेवटी बिचाऱ्यानं विसरायचे उपाय सुरू केले, नको असलेलं कागदावर लिहून तो कागद जाळायचा, आणि जळलेल्या कागदावर पण त्याला आकडे दिसायचे.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या जिल प्राइस या बाईंचं. २००० साली त्यांनीच जेम्स मॅकगॉ या स्मृतीच्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं की मला माझा प्रत्येक दिवस आठवतो, मदत करा. १९८० च्या फेब्रुवारीपासनं पुढची कुठलीही तारीख सांगा, वार कुठला, त्या दिवशी काय केलं, सांगतात. लोक याला देणगी म्हणतात, त्या स्वतः ओझं म्हणतात, कारण जुनं भांडण, जुना अपमान आपोआप चालू होतो आणि बंद करायचं बटण नाही. अशी बरीच माणसं नंतर सापडली. आणि २०१३ मध्ये अशा २० जणांना आठवणीत खोटं मिसळायच्या नेहमीच्या चाचण्या दिल्या तर ती माणसं सुद्धा तुमच्याआमच्याइतकीच फसली. म्हणजे इतकी तगडी आठवण असूनही ती कॅसेट नव्हतीच.

आता एक आपल्या बाजूची गोष्ट. साधारण माणसाच्या बाबतीत वाईट आठवणीतला डंख चांगल्या आठवणीतल्या गोडव्यापेक्षा लवकर उतरतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. प्रसंग आठवतो पण पोटात गोळा येत नाही. ज्यांचा हा डंख उतरतच नाही, अपघातातनं किंवा युद्धातनं आलेली माणसं, त्यांना डॉक्टरकडं जावं लागतं, त्याला आजार म्हणतात. मला वाटतं भावकी, सासर-माहेर, शेजारपाजार हे सगळं या उतरण्यावरच चाललंय. २८ वर्षांत आईनं आणि आत्तीनं ते लग्न घासून घासून गुळगुळीत केलं होतं, दोघींनी आपापल्या परीनं, आणि दोघी एकमेकींकडं येत-जात होत्या. मी व्हीसीआरची वायर जोडली आणि सगळं परत खरखरीत झालं. रेकॉर्डिंगला वय नसतं हा त्याचा गुण पण आहे आणि दोष पण.

पण म्हणून रेकॉर्ड वाईट असं म्हणायला मी तयार नाही, आणि कोल्हापुरात राहणारा कुणीच नसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढायला लागली तेव्हा नदीकाठच्या गल्ल्यांत कितीजण म्हणत होते, "२००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं, त्याच्या वर येत नसतंय." आठवणीवर विसंबून सामान माळ्यावर ठेवलं, माणसं घरातच थांबली, आणि पाणी २००५ च्या वर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, आणि त्या वर्षी आकडा ५५ फुटांच्या पुढं गेला होता. २०२१ ला परत आलं तेव्हा लोक आठवण सांगत बसले नाहीत, मोबाईलवर फुटांचा आकडा बघून बाहेर पडले. भिंतीवर रंगानं मारलेली पुराची रेघ ही रेकॉर्डच आहे, आणि ती पुसट व्हायला नको. जमिनीचा सातबारा, औषधाचा डोस, कुणी किती पैसे दिले, या गोष्टी माणसाच्या डोक्यावर सोडू नयेत.

कॅमेऱ्याचा खरा उपकार दिसतो तो आजारपणात. केंब्रिजमध्ये साठी ओलांडलेल्या एका बाईंना मेंदूच्या सुजेनंतर काही दिवसांपूर्वीचंही आठवत नव्हतं. त्यांच्या गळ्यात सेन्सकॅम नावाचा छोटा कॅमेरा दिला, तो आपोआप थोड्या थोड्या वेळानं फोटो काढायचा. मग दर दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर बसून ते फोटो बघायचे. काही आठवड्यांनी त्यांना त्यातले बहुतेक प्रसंग आठवायला लागले, आणि फोटो बघणं थांबवल्यावर महिने उलटले तरी टिकले. नुसती लिहिलेली डायरी वाचून तेवढं जमलं नव्हतं. २००७ मध्ये हे छापून आलं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते कॅमेऱ्यापेक्षा नवऱ्याशेजारी बसणं. साठवलेलं परत परत चघळलं तेव्हा त्याची आठवण झाली.

आणि चघळायचंच नसेल तर उलटं होतं. लिंडा हेंकेल यांनी म्युझियममध्ये लोकांना फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघा, काहींचे फोटो काढा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. २०१४ चा अभ्यास आहे हा. कॅमेऱ्यानं बघितलं म्हटल्यावर मेंदू म्हणतो झालं की काम. (झूम करून एखादा भाग टिपला तर मात्र तितकी घसरण दिसली नाही, कारण तिथं आपण नीट बघतो.) अंबाबाईच्या किरणोत्सवाला जा एकदा, किरणं देवीच्या चरणांवर येतात तेव्हा समोर निम्मे हात वर असतात, मी पण त्यातलाच, आणि माझ्या फोनमध्ये तीन वर्षांचे किरणोत्सव आहेत जे मी एकदाही उघडून बघितलेले नाहीत.

बघणार कधी हाच प्रश्न आहे. तीन तासांच्या लग्नाला तीन तास. सत्तर वर्षांचं आयुष्य जसंच्या तसं बघायचं तर सत्तर वर्षं लागतील. मग कुणीतरी निवडून द्यायला पाहिजे, आणि ते काम मेंदू करणार नसेल तर एखादी कंपनी करेल, तिला वाटेल ते "हायलाइट" म्हणून पुढं ढकलेल. पूर्वी मिक्सिंगवाला आपल्या मर्जीनं फुलं आणि बदाम टाकायचा तेवढंच होतं.

अजून एक गैरसमज आहे, की रेकॉर्ड असलं की वाद मिटतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको. दोन तालमींच्या टीम, एक गोल, ऑफसाइड होता की नव्हता, आता तर व्हिडिओ पण असतो, आणि व्हिडिओ बघून दोन्ही पेठांची पोरं म्हणतात, "बघ, सांगत नव्हतो?" १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची मॅच झाली, त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचा, आणि त्यात एकाचं नाक मोडलं, एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघांनी दोन्हीकडच्या पोरांना त्याच मॅचची तीच फिल्म दाखवून फाउल मोजायला लावले. डार्टमथच्या टीमनं केलेले फाउल प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथच्या पोरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. फिल्म एकच होती. आमच्या घरात पण कॅसेट एकच होती, आईला साडी ऐकू आली आणि आत्तीला, ती नंतर मला म्हणाली, "जिलेबी कॅमेरा होता म्हणून वाढली असंल."

कायद्यानं पण या गुंत्यात हात घातलाय. स्पेनमधल्या एका माणसाचं घर देणं थकल्यामुळं लिलावाला निघालं होतं, १९९८ च्या पेपरात जाहिरात आली, पुढं देणं फिटलं तरी गुगलवर नाव टाकलं की पहिल्यांदा तेच. २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की पेपरच्या जुन्या अंकात ते राहू दे, पण नाव शोधलं की वर यायला नको. (त्याचं नाव मी लिहीत नाही, तेवढा तरी मान राखू.) आपल्याकडं २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्यात पण आपली माहिती पुसून मागायची तरतूद आहे. मला तो युरोपचा निकाल आवडतो, कारण चांगलं डोकं तेच करतं. जाळत नाही, वरच्या कप्प्यातनं खालच्या कप्प्यात ठेवतं.

आणि मेंदूनं आठवण तुकड्यांत का ठेवावी याचं एक उत्तर मला फार पटलं. २००७ मध्ये लंडनला हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या पाच रुग्णांना सांगितलं, समजा तुम्ही एका छान समुद्रकिनाऱ्यावर पडलाय, काय दिसतंय सांगा. बहुतेकांना चित्रच जोडता येईना, नुसते सुटे तुकडे. ज्या विटांनी आपण काल रचतो त्याच विटांनी उद्या रचतो. रविवारी जोतिबाला जायचं म्हटलं की गुलाल, गर्दी, घाटातली गाडी हे डोळ्यासमोर येतं ते जुन्या फेऱ्या सुट्या करता आल्या म्हणून. चिकटवून टाकलेल्या विटांचं नवीन घर बांधता येत नाही, आणि शेरेशेव्स्कीच्या विटा चिकटलेल्या होत्या.

आत्तीचा गेल्या महिन्यात फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "त्या कॅसेटीत आबा मांडवात चालत येत्यात बघ, फेटा बांधून. तेवढंच मोबाईलवर पाठीव. बाकीचं काय नको." बावीस सेकंदांचं आहे ते. पाठवलं. तिनं स्टेटसला ठेवलं आणि आईनं ते बघितलं, खाली दोन हात जोडलेले पाठवले. रात्री जेवताना आई ताटाकडं बघत म्हणाली, "ती चार मिनिटं पुसून टाक की रे." मी पेनड्राईव्हवरची पुसली.

मूळ कॅसेट खालच्या खोलीत कपाटात आहे. परवा काढून बघितली तर रिळाच्या कडेला पांढरे ठिपके यायला लागलेत, या पावसाळ्यात वाढतील. पुसायला दहा मिनिटं लागतात. अजून पुसलेली नाही.